खर्जाचा खर्च

स्वस्तातली नवी बास गिटार घेताना काय तपासायचं, आणि त्यामागचं विज्ञान काय?

अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदुरात कुणी लवकर झोपत नाही. कापड गिरण्या बंद पडून कितीतरी वर्षं झाली, पण गिरणी कामगारांनी सुरू केलेल्या झांक्या अजून निघतात. आम्ही गच्चीवर शेंगदाणे खात मिरवणुकीची वाट पाहत बसतो आणि दर वर्षी एकच गंमत होते. मिरवणूक दोन-तीन गल्ल्या लांब असताना गाण्याचे शब्द ऐकू येत नाहीत, ट्रंपेट येत नाही, झांजा येत नाहीत. येतो तो फक्त ‘धुम्म… धुम्म’. खिडकीची तावदानं थरथरतात. गाणं कोणतं आहे ते मिरवणूक कोपऱ्यावर आल्यावरच कळतं.

दुसऱ्या दिवशी तेच गाणं मोबाइलवर लावावं, तर सगळं उलटं. शब्द स्वच्छ, ट्रंपेट स्वच्छ, आणि तो छातीत बसणारा धुम्म मात्र गायब.

यंदा यात तिसऱ्या कोड्याची भर पडली ती माझ्या भाच्यामुळे. पोरगा सोळा वर्षांचा. कॉलनीच्या गणेशोत्सवात मित्रांबरोबर ऑर्केस्ट्रा करायचा म्हणून पेटला होता. दोघं गिटारवाले आधीच ठरले होते, ड्रमवाला होता, गाणारी मुलगी होती. ह्याच्या वाट्याला बास गिटार आली. आम्ही दोघं दुकानात गेलो. त्याने भिंतीवरची एक चकचकीत लाल बास काढून मांडीवर घेतली आणि मोठ्या उत्साहाने सर्वांत जाड तार छेडली. ‘तुक्.’ रबर ताणून सोडल्यावर येतो तेवढाच आवाज.

“मामा, हिच्यात आवाजच नाही!”

लांबून फक्त खालचा सूर ऐकू येतो, मोबाइलमधून नेमका तोच येत नाही, आणि तो सूर काढणारं वाद्य हातात घेतलं तर मुकं. तिन्ही कोड्यांचं उत्तर एकाच ठिकाणी आहे. खालच्या सुराला जास्त जागा लागते, जास्त वजन लागतं, जास्त हवा ढकलावी लागते. खर्जाचा खर्च मोठा असतो. तो खर्च नेमका कुठे होतो हे एकदा समजलं, की खिशात पैसे थोडे असले तरी ते कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे हेही समजतं.

खाली म्हणजे किती खाली?

आवाज म्हणजे हवेचे हेलकावे. झोका सेकंदाला किती वेळा पुढे-मागे गेला हे मोजावं तसे हवेचे हेलकावे मोजतात, आणि सेकंदाला एक हेलकावा म्हणजे एक हर्ट्झ. माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं. बास गिटारच्या चार मोकळ्या तारा जाडीकडून बारकीकडे सुमारे ४१, ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झवर लावतात. नेहमीच्या सहा तारांच्या गिटारची सर्वांत खालची तार असते ८२ हर्ट्झला. म्हणजे बासची जाड तार तिच्या बरोबर निम्म्यावर, एक सप्तक खाली.

इंदूरला खर्जाचं अप्रूप जुनं आहे. बीनकार बंदे अली खाँ यांचा होळकर दरबाराशी संबंध होता, आणि बीन, म्हणजे रुद्रवीणा, हे खर्जात रमणारं वाद्य. उस्ताद अमीर खाँ (१९१२–१९७४) इंदुरात वाढले. त्यांचे वडील शाहमीर खाँ सारंगी वाजवत. अतिविलंबित लयीत मंद्र सप्तकात सावकाश फिरणं ही अमीर खाँसाहेबांच्या गायकीची ओळख. तानपुऱ्याची चौथी तार तर नावानेच खर्जाची. ती उतरली की गाणं कुठे बिघडलं ते सगळ्यांना सांगता येत नाही, पण बिघडलंय हे कळतं. ऑर्केस्ट्रात बास गिटार हेच काम करते.

आता पहिलं कोडं सोडवू. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४४ मीटर जातो. तेवढ्या अंतरात ४१ हेलकावे बसवले, तर एकेक लाट ८ मीटरपेक्षा लांब होते, म्हणजे जवळजवळ २७ फूट. बासरीचा १००० हर्ट्झचा सूर घेतला तर त्याची लाट जेमतेम फूटभर. सिरपूर तलावाच्या काठी उभं राहून पाहा. पाण्यात रोवलेल्या बारीक काठीला लांब लाट जुमानत नाही. वळसा घालून पलीकडे पुन्हा एक होते. बारीक तरंग मात्र मोठ्या दगडावर आपटून तिथेच थांबतात, दगडामागचं पाणी शांत राहतं. घरांचे कोपरे, भिंती, पाण्याच्या टाक्या २७ फुटी लाटेपुढे काठीसारख्या आणि फूटभर लाटेपुढे दगडासारख्या. शिवाय कानावरून गोधडी घेतली की बोलणं अस्पष्ट होतं पण ढोल ऐकू येतोच; भिंतीही तशाच, वरचे सूर अडवतात आणि खालचे सोडतात. म्हणून गच्चीवर आधी धुम्म पोहोचतो आणि गाणं मागून येतं.

तारेचा गजरा

तार खाली उतरवायचे तीन उपाय आहेत. तार लांब करा, सैल करा किंवा जड करा. एक सप्तक खाली जायचं, तर लांबी दुप्पट हवी, नाहीतर ताण चौथ्या हिश्शावर आणावा लागेल, नाहीतर तारेचं वजन चौपट करावं लागेल.

नुसती सैल करून भागत नाही. कपडे वाळत घालायची दोरी सैल झाली की काय होतं ते आपण पाहतो. ती लोंबकळते, हलवली की कुठेही आपटते. सैल तारही तशीच पडद्यांवर खडखडते आणि सूर धरत नाही. नुसती लांब करावी, तर वाद्य माणसाच्या उंचीचं होतं. तसं वाद्य आहेच: डबल बास. कोपऱ्यात उभी करून वाजवायची ती प्रचंड व्हायोलिन. ती घेऊन बसमध्ये चढणाऱ्या वादकाची कल्पना करा.

नुसती जाड सळई लावावी, तर ती वाकत नाही, घंटेसारखी बेसूर वाजते. म्हणून युक्ती अशी करतात की आत बारीक पोलादी तार ठेवायची आणि तिच्यावर दुसरी तार घट्ट गुंडाळायची. गजऱ्यासारखं. वजन फुलांचं, लवचीकपणा आतल्या दोऱ्याचा. बासच्या नेहमीच्या संचातली सर्वांत जाड तार अडीच मिलिमीटरहून थोडी अधिक जाड असते, पण बोटाखाली वाकते ती या गजऱ्यामुळे.

अमेरिकेत सिएटलच्या पॉल टुटमार्कने १९३० च्या दशकात पडदे असलेली, आडवी धरून वाजवायची विजेवरची बास बनवली होती, पण ती फार चालली नाही. १९५१ मध्ये लिओ फेंडरने ‘प्रिसिजन बास’ बाजारात आणली आणि तिथून हे वाद्य जगभर गेलं. नावातलं ‘प्रिसिजन’ म्हणजे अचूकपणा. डबल बासच्या गुळगुळीत पट्टीवर सूर अंदाजाने शोधावा लागे. इथे सतारीसारखे पडदे आले आणि सूर नेमका मिळू लागला. फेंडरने तारेची वाजती लांबी ३४ इंच ठेवली, आणि आजही दुकानातल्या बहुतेक बासवर तुम्हाला तीच मिळेल. पुढे हिंदी चित्रपटसंगीतातही हे वाद्य रुळलं. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात बास गिटार वाजवणारे टोनी वाझ यांचं नाव कितीजणांना माहीत आहे? त्यांची बास मात्र आपण रेडिओवर हजारदा ऐकलेली असते.

या ३४ इंचांचा थेट परिणाम हातावर होतो. ३४ इंची बासवर नेकच्या, म्हणजे पडदे बसवलेल्या लांब दांडीच्या, टोकापासून चौथ्या पडद्यापर्यंतचं अंतर सात इंच भरतं. नेहमीच्या इलेक्ट्रिक गिटारवर ते सव्वापाच इंच असतं. माझ्या भाच्याची करंगळी पहिल्या दिवशी तिथे पोहोचेना. हात लहान असेल, तर ३० इंचांच्या आसपासची ‘शॉर्ट स्केल’ बास मागून पाहावी. सूर तोच मिळतो, फक्त तारेचा ताण थोडा ढिला लागतो आणि आवाज जरा अधिक गोल येतो.

मुकं वाद्य बोलतं कसं?

तिसरं कोडं, ‘तुक्’चं. तानपुऱ्याला भोपळा असतो, साध्या गिटारला पोकळ पेटी असते. तार स्वतः इतकी बारीक की ती हवेतून सुरीसारखी कापत जाते, हवा ढकलत नाही. हवा ढकलायचं काम भोपळा किंवा पेटीची फळी करते. बास गिटारचं अंग भरीव लाकडाचं. तिथे हवा ढकलणारं कुणी नाहीच.

त्याऐवजी तारांखाली काळ्या डब्या असतात, त्यांना पिकअप म्हणतात. डबीत लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. जुन्या सायकलला चाकावर टेकवायचा डायनॅमो असे तो आठवा. आतला चुंबक वेढ्यांमध्ये फिरला की वीज तयार होई आणि दिवा लागे. चुंबकाचा प्रभाव बदलला की वेढ्यांत वीज वाहते हे मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलं. पिकअपमध्ये चुंबक जागचा हलत नाही. वर ताणलेली लोखंडी-निकेलची तार हलते आणि चुंबकाच्या प्रभावात लाटा उठवते. सेकंदाला ४१ वेळा तार हलली की ४१ वेळा वीज मागे-पुढे होते. ही चिमूटभर वीज केबलमधून ॲम्प्लिफायरकडे जाते आणि तिथे मोठी होते. म्हणूनच पिकअपपुढे कितीही ओरडा, त्याला जवळपास ऐकू येत नाही. नायलॉनची तार लावली तर तो ठार बहिरा.

स्वस्त बासवर बहुधा दोन पिकअप असतात. नेकच्या बाजूला एक आणि घोडीजवळ एक. झोक्याच्या पाटीशी हेलकावा मोठा आणि कडीशी इवलासा, तशी तार मध्याकडे मोठी डुलते आणि घोडीजवळ जेमतेम थरथरते. त्यामुळे नेककडचा पिकअप भरदार, गोल आवाज देतो, घोडीजवळचा तिखट आणि टोकदार. दोन बटणांनी दोन्ही आवाज कमी-जास्त मिसळता येतात. वरणात फोडणी किती घालायची, तसं.

दुकानात दोन्ही पिकअप उघडे करून पाहताना भाचा म्हणाला, “हा गुणगुणतोय का?” भारतात घरोघरची वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते. तारा, ट्यूबलाइट, पंख्याचा रेग्युलेटर यांच्याभोवती त्या विजेचा प्रभाव पसरलेला असतो आणि पिकअप तो पकडतो. गंमत म्हणजे बासच्या जाड तारेवर तिसऱ्या पडद्याचा सूर आहे ४९ हर्ट्झचा. म्हणजे भिंतीतली वीज आणि आपली बास जवळजवळ एकाच सुरात गातात! ही गुणगुण घालवायला पिकअपचे दोन भाग करून एकाचे वेढे उलटे देतात आणि त्याचा चुंबकही उलटा बसवतात. बाहेरची गुणगुण दोन्हींत विरुद्ध येते आणि एकमेकींना खाऊन टाकते. तारेचा आवाज मात्र दोन्हींत सारखा येऊन वाढतो. प्रिसिजन बासवर १९५७ पासून असलेला दोन तुकड्यांचा पिकअप हेच करतो.

मोबाइलमधून धुम्म कुठे जातो?

आता दुसरं कोडं. खालच्या सुरासाठी खूप हवा ढकलावी लागते. हातपंख्याने गालाला वारा लागतो, पण खोली थंड करायला छताचा पंखाच हवा. मोबाइलचा स्पीकर नखाएवढा. ४१ हर्ट्झला त्याची हालचाल नुसती हवेत विरते.

आणि कानही खर्जाला कंजूष आहे. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये वेगवेगळ्या उंचीचे सूर कानाला सारखेच मोठे वाटायला किती जोर लागतो ते मोजून दाखवलं. १००० हर्ट्झचा अगदी बारीक सूर ऐकू यायला जेवढा जोर लागतो, त्याच्या साधारण ५० डेसिबल जास्त जोर ४० हर्ट्झचा सूर नुसता ऐकू यायला लागतो. डेसिबलचं गणित असं की १० डेसिबल म्हणजे शक्ती दहापट. ५० डेसिबल म्हणजे एक लाख पट!

मग मोबाइलवर बासची चाल थोडीतरी समजते ती कशी? तार कधीच एक सूर वाजवत नाही. ४१ बरोबर ८२, १२३, १६४ असे वरचे सूरही तिच्यातून निघतात. मोबाइल ४१ गाळतो आणि वरचे काही पोहोचवतो. मेंदू त्यांच्यातली समान अंतरं पाहून ‘मूळ ४१ असणार’ असं ताडतो. कडेचे तिघे बसलेले पाहून ‘मधल्या जागेवर कुणीतरी रुमाल टाकलाय’ असं ओळखावं तसं. सूर कळतो, पण तावदानं हलत नाहीत.

यातून खरेदीचा पहिला धडा मिळतो. बासचं बजेट ठरवताना ॲम्प्लिफायर विसरू नये. घरी सरावाला १५–२५ वॉटचा, बाससाठीच बनवलेला छोटा ॲम्प्लिफायर पुरतो. ड्रमबरोबर वाजवायचं तर शंभर किंवा त्याहून जास्त वॉट लागतात. पण कार्यक्रमात मंडळाच्या साउंडवाल्याकडे केबल देता येते, म्हणून तो खर्च नवशिक्याने लगेच करू नये. सहा तारांच्या गिटारच्या छोट्या ॲम्प्लिफायरवर बास मोठ्याने वाजवणं मात्र टाळावं. त्याचा पातळ स्पीकर तेवढी हवा ढकलायला बनवलेलाच नसतो आणि फाटू शकतो. पैसे अगदीच नसतील, तर हेडफोन लावायचा खिशातला ॲम्प्लिफायर घ्यावा. कानाशी हवा थोडीच ढकलायची असते, त्यामुळे खर्ज तिथे स्वस्तात मिळतो.

स्वस्त बास स्वस्त का असते?

यामाहाची टीआरबीएक्स १७४, आयबानेझची जीएसआर मालिका, कॉर्टची ॲक्शन मालिका, फेंडरच्याच घरातली धाकटी स्क्वायर. नवशिक्याला दुकानदार साधारण हीच नावं सांगतो, आणि किंमत बहुधा पंधरा ते पंचवीस हजारांच्या घरात जाते. लाख-दीड लाखाचीही बास असते. दोन्हींच्या तारा त्याच ४१ हर्ट्झला लागतात, लांबी तीच ३४ इंच, फॅरडेचा नियमही तोच. मग फरक कशाचा?

मुख्यतः माणसाच्या तासांचा. लाकूड आता संगणकावर चालणारी यंत्रं कापतात, आणि इंडोनेशिया-चीनमधल्या मोठ्या कारखान्यांत ती स्वस्त बासचंही अंग आणि नेक नेमकं कापून देतात. यंत्रानंतरचं हातकाम महाग: पडद्यांची टोकं घासणं, सगळे पडदे एका पातळीत आणणं, तारांची उंची नगागणिक जुळवणं. स्वस्त बासमध्ये काटकसर तिथे होते. बटणं, खुंट्या आणि पिकअपही जरा हलक्या दर्जाचे असतात, पण ते नंतर बदलता येतात. वाकडी नेक बदलणं म्हणजे जवळपास नवी बासच घेणं.

म्हणून एकाच मॉडेलचे दोन नग वेगळे निघतात. हे आम्हाला दुकानातच कळलं. चकचकीत लाल बासच्या सर्वांत बारीक तारेवर नवव्या पडद्याशी प्रत्येक वेळी ‘झ्यँ’ असा आवाज येई. मी विचारलं तेव्हा दुकानदार म्हणाला, “भिया, रंग तो देखो, ऐसा पीस नहीं मिलेगा.” मी त्याच मॉडेलचा दुसरा नग मागितला. तो आतून खोक्यातून काढून आणला. काळा, जरा धुळीने माखलेला. नववा पडदा स्वच्छ वाजला.

कान, बोटं आणि व्हिजिटिंग कार्ड

दुकानात काय पाहायचं, ते क्रमाने सांगतो.

आधी पट्टा लावून उभं राहा. बास साधारण चार किलोची असते आणि कार्यक्रमात तासभर खांद्यावर राहते. मग दोन्ही हात सोडा. नेक जमिनीकडे झुकली तर ते वाद्य तोल नसलेल्या सी-सॉसारखं आहे. वाजवताना डाव्या हाताला नेक धरूनही ठेवावी लागेल आणि सूरही धरावे लागतील.

मग सुतार फळीची कड पाहतो तसा एक डोळा मिटून नेककडे टोकापासून पाहा. चार तारांचा मिळून ताण ७५–८० किलोंच्या आसपास असतो, म्हणजे एका मोठ्या माणसाचं वजन सतत नेकला ओढत असतं. त्याला तोंड द्यायला नेकच्या आत एक लोखंडी सळई असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. ती पिळली की नेक सरळ होते, सैल केली की तारांच्या ओढीने किंचित आत वाकते. हा किंचित वाक हवाच, कारण हलत्या तारेला मधोमध डुलायला जागा लागते. तपासायची युक्ती: जाड तार पहिल्या पडद्यावर आणि अगदी शेवटच्या पडद्यावर एकाच वेळी दाबा. सातव्या-आठव्या पडद्यापाशी तार आणि पडदा यांच्यात साधारण एका व्हिजिटिंग कार्डाएवढी, म्हणजे ०.३ मिलिमीटर फट असावी. फट जास्त असेल किंवा नसेल, तर सळई पिळून ती बहुधा बरोबर करता येते. नेकला पीळ पडला असेल, म्हणजे एक कड वर आणि एक खाली असेल, तर ती बास परत ठेवा.

आता प्रत्येक तारेवरचा प्रत्येक पडदा वाजवा. ऐंशी-नव्वद सूर होतील, दहा मिनिटं जातील. दुकानदाराच्या भुवया वर गेल्या तरी चालतील. सगळीकडे थोडीथोडी खडखड असेल, तर तारांची उंची जुळवून ती जाते. एकाच जागी असेल, तर तिथला पडदा उंच आहे आणि त्यावर कानस चालवावी लागेल. काही सूर इतरांपेक्षा लवकर विझतात. बारीक तारेवर पाचव्या ते सातव्या पडद्याच्या आसपास हे बऱ्याच बासवर होतं. ते चालवून घ्यावं.

नेकच्या कडेवरून तळवा हळूच फिरवा. पडद्यांची टोकं टोचतात का? माळव्यात एप्रिल-मे कोरडे. लाकूड आटतं, धातूचा पडदा आटत नाही, आणि टोकं बाहेर येतात. पावसाळ्यात लाकूड पुन्हा फुगतं. उन्हाळ्यात जरा टोचणारी बास आषाढात बरी वाटेल. पावसाळ्यातच टोचत असेल तर मेमध्ये ती बोट कापेल.

मग सुरांची तपासणी. बाराव्या पडद्यावर तारेला बोट नुसतं टेकवून छेडली की घंटेसारखा सूर येतो. तो तारेच्या बरोबर मध्यावरचा. आता तोच पडदा नीट दाबून वाजवा. मोबाइलवरच्या ट्यूनरमध्ये दोन्ही सूर जुळायला हवेत. नाही जुळले, तर घोडीवरचा त्या तारेचा छोटा आधार मागे-पुढे करून बहुधा जुळवता येतात. घंटेसारख्या सुराचा आणखी एक फायदा असा, की जाड तारेवरही तो ८२ हर्ट्झचा असल्याने खर्ज चुकवणाऱ्या मोबाइललाही तो ऐकू येतो.

शेवटी केबल लावून बटणं टोकापासून टोकापर्यंत फिरवा. खरखर येत असेल तर आतली जुळणी ढिली किंवा धुळकट आहे. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर घाबरू नका. तारा जमिनीला नीट जोडल्या आहेत याचीच ती खूण. नऊ व्होल्टची बॅटरी असलेली ‘ॲक्टिव्ह’ बास असेल, तर वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवायची सवय लावा. केबल खुपसलेली असते तोवर बॅटरी संपत राहते.

दुकानात जाण्याआधी
• पैसे तीन गोष्टींत वाटा: बास, ॲम्प्लिफायर किंवा हेडफोन, आणि जाणकाराकडून जुळणी.
• पट्टा लावून उभं राहून पाहा. नेक झुकू नये.
• नेक डोळ्याने पाहा. सातव्या-आठव्या पडद्याशी कार्डाएवढी फट.
• प्रत्येक पडदा वाजवा. एकाच जागची खडखड सर्वांत वाईट.
• बाराव्या पडद्यावरचे दोन्ही सूर ट्यूनरवर जुळवा.
• बटणं, केबलचं भोक, खुंट्या हलवून पाहा.
• त्याच मॉडेलचा दुसरा नग जरूर मागा.
• लाकडाची जात आणि रंग यांचा विचार सगळ्यात शेवटी.

घरी आल्यावर

काळी बास घरी आली. जुळणी करून देणाऱ्याने तारा थोड्या खाली आणल्या, घोडी सरकवली, अर्ध्या तासात काम झालं. भाच्याने लगेच नवे, महाग तारांचे संच शोधायला सुरुवात केली. मी त्याला जेम्स जेमरसनची गोष्ट सांगितली. मोटाउन कंपनीच्या असंख्य गाण्यांना खर्ज पुरवणारा हा वादक एका बोटाने छेडायचा आणि तार तुटेपर्यंत बदलायचा नाही, असं सांगतात. कित्येक वर्षं रेकॉर्डच्या वेष्टनावर त्याचं नावही छापलं जात नसे. पोरगा हिरमुसला, पण संच मागवायचे थांबला.

ॲम्प्लिफायर महिनाभराने घ्यायचं ठरलं होतं. तोवर रात्री आजी झोपल्यावर हा बास घेऊन बसे आणि ‘तुक् तुक्’ करे. एका रात्री मी त्याला म्हटलं, नेकचं टोक त्या सागवानी कपाटाला टेकव आणि वाजव. त्याने टेकवलं, जाड तार छेडली. आणि कपाट बोललं. इतकी वर्षं साड्या सांभाळणारी ती फळी भोपळ्याचं काम करू लागली; तारेचा हेलकावा लाकडातून तिच्यात गेला आणि फळीने हवा ढकलली.

आतल्या खोलीतून आजीचा आवाज आला, “अरे, मिरवणूक आली का?”